शिकारीला जाताना अंगालगत काय घालायचं? मेरिनो थर्मलवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधल्या माझ्या ताहर या रानबकरीसारख्या जनावराच्या शिकारीच्या ट्रिपबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं की तिसऱ्या दिवशी दक्षिणेचं वारं सुटलं, हवा एकदम फिरली, आणि अंगातल्या मेरिनोमुळे, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या थर्मलमुळे, मी धड खाली उतरले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्याच्यावरच करतेय. बेस लेअर म्हणजे काय असं काहींनी विचारलंय, तर अगदी कातडीला लागून जे कपडे असतात ते, आपण साध्या भाषेत थर्मल म्हणतो तेच.

प्रश्न : ताई नमस्कार, मी क्राइस्टचर्चला असतो, मूळचा जळगावचा. यावर्षी फायरआर्म्स लायसन्स मिळालं आणि एप्रिलमध्ये ऑफिसमधल्या दोघांबरोबर पहिल्यांदाच रेड डिअरच्या शिकारीला चाललोय, कँटरबरीच्या डोंगरात तीन रात्री. दुकानात गेलो तर मेरिनोच्या टॉपवर १५०, २००, २६० असे आकडे. दुकानदार म्हणाला थंडी असते, जाड घ्या. मला थंडी मुळात जास्तच वाजते. जाडच घेऊ ना? एकेक शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात आहे, चुकायला नको.

उत्तर : जाड नका घेऊ. म्हणजे एक जरा जाड असू दे, पण ते बॅगेत. अंगात घालून चढायचं ते पातळच.

ते आकडे म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. १५० च्या आसपासचं पातळ, २०० मधलं, २५०-२६० जाड. आता तुमचा दिवस कसा जाणार ते बघा. एप्रिल म्हणजे रोअर, नर हरणं माद्यांसाठी डोंगर दणाणून सोडतात तो काळ, मार्च संपताना सुरू होतो. पहाटे अंधारात हटमधून, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीतून, निघणार, गवतावर दंव, दात वाजतायत, म्हणून तुम्ही सगळं अंगात घालून निघणार. पहिल्या वीस मिनिटांत अंग तापणार, पाठीवर बॅग, खांद्यावर रायफल, सहा-सातशे मीटरचा खडा चढ, आणि वर पोचेपर्यंत पाठ घामाने निथळतेय. आणि मग काय करणार तर बसणार! कड्याच्या आडोशाला दोन दोन तास नुसतं बसून दुर्बिणीने समोरची धार धुंडाळायची, हलायचं नाही, आणि वारा तर चालूच. शिकारी गारठतो तो इथे, चढताना कधीच नाही. ट्रेकिंगमध्ये माणूस चालत राहतो, धावणारा धावत राहतो, शिकारीत मात्र आधी घाम गाळायचा आणि मग त्याच घामात दगडासारखं बसायचं असतं, म्हणून मी लोकांना सांगते की थर्मल थंडीसाठी निवडू नका, स्वतःच्या घामासाठी निवडा.

माझ्या पहिल्या वर्षी मी २६० चं जाड घालून चढले होते, कोणीतरी सांगितलं म्हणून. वर पोचले तोवर ते पिळण्याइतकं ओलं. समोर तीनशे मीटरवर नर उभा होता, छान आडवा, आणि माझे हात इतके थरथरत होते की रायफलच्या दुर्बिणीतली नेमाची फुली त्याच्या खांद्यावरून पोटावर आणि पोटावरून खांद्यावर फिरत होती. मी गोळी नाही झाडली. जनावर जखमी होऊन निसटलं असतं तर ते मला आजपर्यंत छळत राहिलं असतं. तेव्हापासून कपड्यांकडे मी निव्वळ सोयीची गोष्ट म्हणून बघत नाही, हात स्थिर असणं हे त्या जनावराचं आपल्यावरचं देणं आहे.

लोकर नेमकं काय करते ते समजून घ्या म्हणजे निवडायला सोपं जाईल. लोकरीचा धागा वाफ आत ओढून घेतो, स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला ओला लागत नाही. ओढून घेताना थोडी ऊबही सोडतो, ही अफवा नाही, खरंच होतं. पण त्याला मर्यादा आहे, धागा एकदा भरला की संपलं, मग तो ओला कपडाच आणि तो पॉलिस्टरपेक्षा हळू वाळतो. जाड कापड जास्त पाणी धरतं आणि वाळायला त्याहून जास्त वेळ घेतं. पातळ असलं तर तुमच्या अंगाच्या उष्णतेनेच अर्ध्या-पाऊण तासात बऱ्यापैकी सुकतं, तेही वरून काहीतरी घातलेलं असलं तर.

म्हणून तुमच्यासाठी: १५० च्या आसपासचा पूर्ण बाह्यांचा एक टॉप, गळ्याला चेन असलेला बघा, चढताना ती चेन उघडून जेवढी हवा आत जाते तेवढी बाकी कशाने जात नाही. आणि एक २०० चा टॉप, तो बॅगेत वॉटरप्रूफ पिशवीत कोरडा, त्याला चढताना हात लावायचा नाही म्हणजे नाही. निघताना थोडं हिव वाजलंच पाहिजे, पहिली दहा मिनिटं कुडकुडत चाला. वर पोचलात की बसण्याआधी, अंग गरम आहे तोवरच, ओला काढून कोरडा घालायचा, वर पफर म्हणजे फुगीर उबदार जॅकेट, वर वारा अडवणारं जॅकेट. उघड्या अंगाने त्या वाऱ्यात अर्धा मिनिट जीव जातो असं वाटतं, पण पुढचे दोन तास सुखाचे जातात. ओला टॉप बॅगेत कोंबू नका, पफरच्या आत खांद्यावर टाकून ठेवला की जरा सुकतो.

हवेबद्दल एक सांगते कारण तुम्ही नवीन आहात. तिकडचा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखाच वागतो. पश्चिमेकडून ओली हवा येते, सदर्न आल्प्सवर चढते, सगळा पाऊस पश्चिम किनाऱ्यावर ओतते आणि पूर्वेला उतरताना कोरडी नि गरम होते, कोकणात धो धो आणि माणदेशात फुफाटा तसंच. त्या गरम वाऱ्याला तिथे नॉर'वेस्टर म्हणतात, कँटरबरीत तो सुटला की एप्रिलमध्येही लोक टीशर्टवर येतात. आणि पुष्कळदा त्याच्याच पाठोपाठ दक्षिणेकडून थंड हवेची आघाडी येते, तासाभरात पारा दहा-बारा अंशांनी खाली, आधी पाऊस मग बर्फाचे कण. म्हणजे वायव्येचा गरम वारा अंगाला छान लागतोय तेव्हाच बॅगेतला कोरडा टॉप आठवायचा आणि दक्षिणेकडचं आभाळ बघत राहायचं.

खाली काय, तर पायात तिथले शिकारी पातळ थर्मलवर हाफ पँट घालतात, बघायला विचित्र वाटेल पण ओढे ओलांडताना फुल पँट भिजून जड होते, हे लवकर वाळतं. पायाला घाम कमी, त्यामुळे तिथे साधं पॉलिस्टर चालून जातं, पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा.

आणि एक महत्त्वाचं राहिलं. हरीण मिळालं तर आनंदात लगेच सुरी काढून बसू नका. आधी जॅकेट घाला. साफ करायला तासभर तरी लागतो, नवीन माणसाला दीड, ओणवं होऊन, हात रक्ताने ओले, छाती धडधडत असते म्हणून कळत नाही आणि अंग भराभर निवत जातं. काम झालं की परत जॅकेट काढा, कारण आता पाठीवर तीस किलो मांस घेऊन उतरायचंय आणि परत घाम येणार.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याहून लिहितोय. आजोबा मेंढ्या राखायचे, घरात अजून घोंगडी आहे. लोकर अंगालगत घालायची हे ऐकूनच अंगाला खाज सुटली! लोक कसं काय घालतात? दुसरं म्हणजे, आपल्याकडे शिकारीला बंदी, तुम्ही तिकडे खुशाल करता, मनाला कसं पटतं? राग मानू नका.

उत्तर : राग कसला, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आणि घोंगडी म्हणालात तर माझंही बालपण माणमधलं, आमच्या घरची घोंगडी सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना उभी केली तर उभी राहायची. पावसात डोक्यावरून खोळ घेऊन माणूस दिवसभर रानात उभा राहायचा. ती वरून भिजून जड व्हायची, ओल्या मेंढराचा वास यायचा, पण आतला माणूस गारठायचा नाही. लोकर ओली असतानाही ऊब धरते हे आपल्या धनगरांना कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीच्या आधीपासून माहीत आहे.

टोचते का, तर धागा जाड असतो म्हणून. आपल्या दख्खनी मेंढीचा धागा भरड, त्यात तीस मायक्रॉनच्या पुढचे केस पुष्कळ, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या जाडीचं टोक कातडीला लागलं की वाकत नाही, ताठ राहून टोचतं, आणि आपण म्हणतो लोकर सोसत नाही. मेरिनो मेंढीचा धागा थर्मलमध्ये वापरतात तो साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, त्याचं टोक कातडीला लागलं की वाकून बसतं, टोचतच नाही. तेव्हा ज्याला घोंगडी टोचते त्याला मेरिनो टोचेलच असं नाही. लेबलवर मायक्रॉन लिहिलेला असतो तो बघा, साडेअठराच्या खाली असलं की माझ्यासारख्या नाजूक कातडीच्या माणसालाही चालतं, आणि मानेला लावून बघा, हाताला नको, मान खरं सांगते.

घोंगडी वाईट आणि मेरिनो चांगली असं मात्र अजिबात म्हणू नका, कामं वेगळी आहेत. घोंगडी बाहेरून घ्यायची, मेरिनो आतून. न्यूझीलंडमध्येही जुनी माणसं अंगावर जाड लोकरीचा लांब शर्ट घालून रानात जायची, स्वॉनड्री म्हणतात त्याला, १९१३ पासून त्या नावाने मिळतो, अजूनही शेतकऱ्यांच्या अंगावर दिसतो. तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला आमच्या पडवीतली घोंगडी आठवली होती, तोच भरडपणा आणि भिजल्यावर तोच वास.

आता शिकारीचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तो आहे ते योग्यच आहे आणि मी भारतात असते तर बंदुकीला हात लावला नसता. न्यूझीलंडची गोष्ट उलटी आहे. तिथे जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. हरणं, ताहर, शॅमॉय (युरोपातलं बकरीसारखं डोंगरी जनावर), रानबकऱ्या सगळं युरोपियन लोकांनी आणून सोडलेलं, त्यांना खाणारा वाघ नाही, लांडगा नाही, आणि तिथली झाडं-गवतं कुरतडणाऱ्या दातांसाठी घडलेलीच नाहीत, त्यामुळे अख्खे उतार बोडके होतात. सरकारच लोकांना शिकारीला परवाना देतं, सार्वजनिक संवर्धन जमिनीवर तो फुकट मिळतो. ताहर तर आपल्या हिमालयातलं जनावर, १९०४ मध्ये आओराकी माउंट कुकजवळ सोडलं, आणि इतकं वाढलं की १९९३ च्या सरकारी आराखड्यात दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवावं लागलं. हिमालयात तोच प्राणी आपण जपायचा आहे आणि तिकडे तोच कमी करायचा आहे. पहिल्या ताहरच्या अंगावर हात ठेवला तेव्हा मला रडू आलं होतं, घर सोडून आलेल्या जनावरासारखं वाटलं ते. मांस मी सगळं आणते, वाया घालवत नाही. तुम्हाला तरीही पटलं नाही तर ते मला मान्य आहे.

आणि तुम्ही शिकार नाही करणार पण हिमालयात ट्रेकला गेलात तर वरचं सगळं तसंच्या तसं लागू आहे. सह्याद्रीच्या पावसाळी ट्रेकला मात्र मेरिनो घेऊ नका, उकडेल आणि करवंदीच्या जाळ्या एका दिवसात फाडून ठेवतील.

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला असतो. नवरा गेली दोन वर्षं कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो, यंदा नोव्हेंबरच्या रायफल सीझनला मीही टॅग म्हणजे शिकारीचा परवाना घेतलाय. तीन प्रश्न एकदम विचारते. तिकडे नारिंगी जॅकेट घालावंच लागतं मग आतलं थर्मल कॅमोफ्लाज घ्यायची गरज आहे का? मेरिनोने अंगाचा वास लपतो आणि एल्कला कळत नाही हे खरं का? आणि बायकांसाठी काही वेगळं?

उत्तर : आधी शेवटचं घेते कारण हे कोणी सांगत नाही. तुम्ही दोनशे डॉलरचे थर्मल घेतले आणि आत कॉटनची ब्रा आणि कॉटनची चड्डी घातली तर सगळं फुकट. कॉटन घाम पिऊन बसतं आणि बराच वेळ वाळत नाही, छातीखालचा तो ओला पट्टा बसल्यावर बर्फाच्या पट्टीसारखा लागतो. मी दोन सीझन विचार करत होते की माझी पोटाची बाजूच का गारठते, आणि कारण ते निघालं. मेरिनोची किंवा सिंथेटिक स्पोर्ट्स ब्रा घ्या, हुक नसलेली, बॅगेचा पट्टा छातीवर येतो तिथे हुक रुततो. पुरुषांनाही हेच, कॉटनचं बनियन घालून वर मेरिनो चढवणारे मी ढिगाने पाहिलेत. आणि टॉप लांबीला जास्त असलेला घ्या, कमरेच्या पट्ट्याखाली नीट खोचला गेला पाहिजे, ओणवं झालं की कंबर उघडी पडते ती नको.

नारिंगीचं: कोलोरॅडोत रायफलने मोठी शिकार करताना कमरेच्या वर कमीत कमी ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी लागतं आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी, जी सगळ्या बाजूंनी दिसेल. नारिंगी कॅमोफ्लाज त्यात धरत नाहीत. तेव्हा आतलं थर्मल कुठल्याही रंगाचं चालेल, कॅमोफ्लाजच्या छपाईसाठी वीस डॉलर जास्त देऊ नका. मात्र व्हेस्ट मोठ्या मापाची घ्या. सकाळी ती पफरवर चढली पाहिजे, दुपारी ऊन तापल्यावर नुसत्या थर्मलवर बसली पाहिजे. लोक काय करतात, गरम झालं की वरचं जॅकेट काढतात आणि त्याबरोबर नारिंगीही जातं, ते कायद्याच्याही विरुद्ध आणि जिवाशीही खेळ. एल्कला काही फरक पडत नाही, हरणांच्या कुळातल्यांना आपल्यासारखा नारिंगी दिसत नाही, त्यांना हालचाल दिसते.

वास. नाही लपत. मेरिनोमध्ये घामाचा कुबट वास कमी धरतो हे अगदी खरं, चार-पाच दिवस एकच टॉप घालून मी राहिलेय आणि तंबूत कोणी तोंड फिरवलं नाही, पॉलिस्टर दुसऱ्या दिवशीच नको होतं. पण हे माणसाच्या नाकाचं झालं. एल्कच्या नाकापुढे तुमचे केस, श्वास, बूट, सकाळचा चहा सगळं उघडं आहे. त्याच्यावर उपाय एकच, वारा. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर जायला लागते, संध्याकाळी परत खाली. सकाळी वरून खाली येत असाल तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. पावडरची छोटी बाटली ठेवा, चिमूटभर उडवून बघत राहा.

आणि तिकडची हवा न्यूझीलंडपेक्षा कोरडी असते, त्यामुळे ओलं कापड लवकर सुकतं, हा फायदा. तोटा म्हणजे नऊ-दहा हजार फुटांवर नोव्हेंबरमधली पहाट. मी असते तर चढायला १५०, बसायला त्यावरच आणखी एक २५० चा चढवला असता, आणि पायातही कोरड्या बर्फात लोकरच. मोजे दोन जोड, झोपताना घालायचे वेगळे, ते दिवसा कधीच नाही.

प्रश्न : ऑकलंडहून. तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या १५० च्या टॉपला पोटावर आणि कमरेवर बारीक बारीक भोकं पडलीत. कंपनीने फसवलं का? का माझंच धुणं चुकतंय?

उत्तर : भोकं कुठे आहेत त्यावरून कळतं. कमरेवर, जिथे बॅगेचा पट्टा घासतो, किंवा पोटावर, जिथे बेल्टचं बक्कल आणि ओट्याची कड लागते, तिथे असतील तर ते घासून. पातळ मेरिनो नाजूकच असते, त्याला इलाज म्हणजे नायलॉन मिसळलेली घ्यायची, आत नायलॉनचा तंतू आणि त्याच्याभोवती लोकर गुंडाळलेली असा धागा येतो, दहा-पंधरा टक्के नायलॉन असलं तरी बरीच जास्त टिकते आणि अंगाला फरक कळत नाही. मी आता चढायला तशीच वापरते, शंभर टक्के मेरिनोचा हट्ट मी सोडला.

पण भोकं कुठेही, विखुरलेली, काखेत, पाठीवर अशी असतील तर ती कसर. आजी म्हणायची ना, शालीला कसर लागली, तीच. पतंगाची अळी लोकर खाते, पतंग स्वतः खात नाही. आणि तिला मळलेली लोकर जास्त आवडते, घाम आणि अन्नाचे डाग असलेली, म्हणून सीझन संपला की न धुता कपाटात टाकून देणं ही सगळ्यात मोठी चूक. धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवायचं. शंका असली तर ती पिशवी दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून नीट झटकायचं, आणि कपाटाचे कोपरे व्हॅक्यूम करा. डांबराच्या गोळ्यांचा वास महिनोन्महिने जात नाही, शिकारीच्या कपड्यांत तर नकोच.

धुण्याबद्दल, थंड किंवा जास्तीत जास्त ३० अंशाचं पाणी, उलटं करून, जाळीच्या पिशवीत, चेन आणि वेल्क्रो असलेल्या कपड्यांबरोबर कधीच नाही. पावडर लोकरीसाठीची घ्या. साध्या पावडरीत डाग खाणारी एन्झाइम्स असतात, ती प्रथिन तोडतात, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे, म्हणजे तुम्ही दर धुण्याला टॉप थोडा थोडा विरघळवत असता. फॅब्रिक सॉफ्टनर नाही, ब्लीच तर नाहीच नाही, ड्रायर नाही. रक्ताचे डाग असले तर आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने रक्त शिजून बसतं. वाळवताना दोरीवर लटकवू नका, ओल्या वजनाने लांबतं, आडवं पसरा सावलीत. आणि हो, प्रत्येक वेळी धुवायची गरजच नसते, रात्रभर वाऱ्यावर टाकलं की वास जातो.

भोकं बारीक असतानाच रफू करून घ्या. माझ्या सगळ्यात जुन्या टॉपला अकरा रफू आहेत, अजून चालतोय.

प्रश्न : मी मेलबर्नची, शाकाहारी आहे, शिकार करत नाही, पण डोंगरात फिरते. मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापतात असं वाचलं आणि घेतलेला टॉप घालवेना. हे खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. त्याला म्युलझिंग म्हणतात. मेरिनोच्या कातडीला सुरकुत्या फार, मागच्या बाजूला त्यात लघवी-शेण अडकतं, माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीला खातात, फार हालाचं मरण असतं ते. ते टाळायला कोकरांची मागची कातडी कापून काढतात, म्हणजे तिथे लोकर उगवत नाही. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून यावर बंदी आणली. ऑस्ट्रेलियात अजून चालतं, सगळीकडे नाही पण चालतं. सुरकुत्या कमी असलेल्या मेंढ्यांची पैदास करून हे टाळता येतं आणि कित्येक शेतकरी तसं करतातही. टॉपच्या लेबलवर आरडब्ल्यूएस किंवा झेडक्यू असं एखादं लोकरीचं प्रमाणपत्र असेल तर त्या लोकरीसाठी म्युलझिंग केलेलं नसतं. लेबलवर काहीच नसेल तर कंपनीला सरळ मेल करून विचारा, मी विचारते, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्याकडून मी घेत नाही. तुमच्याकडे आहे तो टॉप मात्र घाला, फेकून त्या मेंढीचं काही भलं होणार नाही, जितकी वर्षं चालेल तितकी वापरा.

मेंढीची लोकर कापणं हे वेगळं, ते क्रूर नाही, तिला ते लागतंच. न्यूझीलंडमध्ये श्रेक नावाचा एक मेरिनो होता, सहा वर्षं कातरणीच्या वेळी डोंगरातल्या गुहांमध्ये लपून राहिला, २००४ मध्ये सापडला तेव्हा त्याच्या अंगावरून २७ किलो लोकर निघाली. डोळ्यांवर लोकर आलेली, चालताना हाल. माणसाने इतकी लोकर येणारी जात घडवली तर दरवर्षी उतरवून द्यायची जबाबदारीही त्याचीच.

प्रश्न : ताई मी डुनेडिनला मास्टर्स करतोय, मित्राचे वडील मे महिन्यात ताहरच्या शिकारीला बरोबर नेतायत, मी बंदूक चालवणार नाही, नुसता बरोबर. बजेट सगळं मिळून १५० डॉलर. काय घेऊ?

उत्तर : तुला पहिलं सांगते, बजेट कमी म्हणून जाणं रद्द करू नकोस. मे म्हणजे ताहरचा हिवाळी कोट, नराच्या मानेवरची आयाळ वाऱ्यावर उडताना बघशील तर विसरणार नाहीस.

एकच मेरिनोचा टॉप घे, २०० च्या आसपासचा, सेलमध्ये किंवा सेकंडहँड. दान केलेल्या कपड्यांची दुकानं बघ, डुनेडिनमध्ये विद्यार्थी वर्ष संपताना बरंच सोडून जातात. उजेडाकडे धरून भोकं तपासून घे. हा टॉप बसायला आणि झोपायला, तोच तुझा कोरडा. चढायला कुठलाही पॉलिस्टरचा जिम टीशर्ट चालेल, घाम त्यातही निघून जातो, वास येईल, येऊ दे. खाली तसलंच स्वस्त पॉलिप्रो, म्हणजे पॉलिप्रोपिलिनचं सिंथेटिक थर्मल. दुसरा खर्च मेरिनोच्या मोज्यांच्या एका जोडावर, पाय बिघडले तर सगळं बिघडलं. उरलेले पैसे लोकरीची टोपी आणि हातमोज्यांना. पफर आणि रेनकोट मित्राच्या घरून माग, शिकाऱ्यांच्या घरी जास्तीचे असतातच, लाजू नकोस.

हटमध्ये शेगडी पेटवली की ते पॉलिस्टर आणि पॉलिप्रो जाळापासून लांब ठेव, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. लोकर तशी वितळत नाही, ठिणगी पडली तर करपते आणि विझते. म्हणून स्वयंपाक करताना मेरिनो अंगात, हे लक्षात ठेव.

तिकडे डोंगरात गेल्यावर तुला घाम आला तर थांबून सांग, मोठ्या माणसांबरोबर आहे म्हणून गप्प दमत चढू नकोस. दात वाजायला लागले तर तेही सांग. आणि थरथर थांबली पण बोलताना जीभ जड व्हायला लागली, पावलं अडखळायला लागली तर ते बरं होणं नाही, अंग हरायला लागलेलं असतं. तेव्हा लगेच आडोसा, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, गोड कोमट काहीतरी प्यायला. मित्राच्या वडिलांकडे लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, आहे का ते आधी विचार, नसेल तर भाड्याने मिळतो, तिघांत वाटून घ्या. कुठल्या हटला जाताय आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत परत येणार हे फ्लॅटमधल्या कोणाला तरी कागदावर लिहून देऊन जा.